सुंदराच्या हातची भाकरी

केनवडच्या अलीकडे नाल्याकाठी आमची थोड्याशा ख्रिस्ती घरांची वस्ती होती, आणि तिथं उपदेशक होता सेवादास. सगळे त्याला मास्तर म्हणत. दिवेलागणीला तो सगळ्यांना देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, ओट्यावर बसवी. ज्यानं त्यानं त्या दिवसातल्या एका गोष्टीसाठी देवाचे आभार मानायचे, आणि मोठ्यानं मानायचे, असा त्याचा नेम होता. पद्धत वाईट नव्हती. धनसिंग एरवी बैलाला शिव्या देण्यापलीकडे फारसं बोलत नसे. त्यानंसुद्धा एकदा, आजारी बैल आज उठला, म्हणून आभार मानले. दुसऱ्या दिवशी बैलाच्या वाट्याच्या शिव्या कमी झाल्या. बंद नाही झाल्या, पण कमी झाल्या.

मास्तरचे स्वतःचे आभार मात्र दुसऱ्यांना महागात पडत. तो नावं घेऊन आभार मानी. कोणाचा नवरा दारू सोडून घरी आला, कोणाच्या घरी दोन सांजा चूल पेटली नव्हती, सगळं देवाला सांगे, आणि देवाबरोबर आम्हालाही कळे. मागल्या हिवाळ्यात मिशनकडून जुने कोट आले, तेव्हा तो डोळे मिटून म्हणाला होता, "प्रभू, आमच्या वस्तीतली विधवा बहीण प्रयागबाई, जिच्या अंगावर धड लुगडं नव्हतं, तिची लाज तू झाकलीस." प्रयागबाई समोरच बसली होती. तिनं तो कोट पुन्हा अंगात घातला नाही. त्या दिवसापासून ओट्यावर तिची पाळी आली की ती मान हलवून पुढच्या बाईकडं बघे. यायची मात्र रोज.

या प्रयागबाईला बाप्तिस्मा हवा होता. नवरा बाप्तिस्मा घेऊन वारला, हिचा राहून गेला. वाशीमचे पाळकसाहेब वर्षातून एकदाच येत, ज्वारी खळ्यावर आली की. यंदा ते यायच्या रविवारी नाल्याच्या डोहात उतरून बाप्तिस्मा घ्यायचा, म्हणून तिनं एक पांढरं लुगडं धुऊन घडी करून ठेवलं होतं. ते वस्तीतल्या बहुतेक बायकांना तिनं दाखवलंही होतं. इतकी हौस तिला दुसऱ्या कशाची आम्ही पाहिली नव्हती. फक्त पाळकसाहेबांपुढं नावं मांडायचं काम मास्तरचं होतं.

त्याच सुमाराला मास्तरची बायको सुंदरबाई विहिरीवर घसरली आणि तिचं उजवं मनगट मुरगळलं. हात दुखते, असं तिनं नवऱ्याला सांगितलं. त्यानं लगेच त्या हातावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि आपल्याकडचं काम उरकलं असं धरून सायकल काढली. खेडोपाडी फिरणारा माणूस, दुपारी घरी यायचा तो मनात रविवारचा उपदेश घेऊन. टोपलीखाली भाकरी असे, ताटात भाजी असे. डोळे मिटून आशीर्वाद मागायचा आणि जेवायचं. सुंदरबाई पदराखाली हात घेऊन बसते आणि डाव्या हातानं वाढते, हे दिसायला आधी बघावं लागतं.

शनिवारी संध्याकाळी ओटा भरला. मास्तरनं दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरणाऱ्यांची नावं सांगितली. प्रयागबाईचं नाव आलं नाही. एका म्हातारीनं विचारलं, तेव्हा तो अगदी मऊ आवाजात म्हणाला की ज्या तोंडाला देवाचे उपकार मानता येत नाहीत, त्या तोंडानं पाण्यात शपथ कशी घ्यावी? आणखी एक वर्ष शिकू द्या. प्रयागबाईनं पदर जरा पुढं ओढला.

मग मास्तरनं स्वतःचे आभार मानायला घेतले. सुंदराचा हात दुखत होता, आपण प्रार्थना केली, आणि देवानं तो हात बरा केला. पुरावा? पुरावा रोज आपल्या ताटात येतो. "आजची भाकरी तर," तो म्हणाला, "लग्न झाल्यापासून इतकी गोल झाली नव्हती."

बायकांच्या रांगेत पदर तोंडाशी गेले. कोणी खोकलं. मास्तरला वाटलं, बायांना गहिवरून आलं. त्यानं सुंदरबाईला सांगितलं, ऊठ, तू पण साक्ष दे.

सुंदरबाई उठली. नवऱ्याला चारचौघांत खाली बघायला लावणारी ती बाई नव्हती. पण तिनं पदराखालून हात काढून कंदिलाच्या उजेडात धरला. मनगट वांग्यासारखं सुजलेलं होतं, वर हळद-चुन्याचा लेप.

"बरा नाही झाला," ती म्हणाली. "भाकरी प्रयागबाई टाकून राह्यली. तुमी सायकल काढली का ते मागच्या दारानं येते."

मास्तरनं विचारलं, "मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तिनंच नाही म्हनलं. मास्तरले कळलं तर ओट्यावर माह्यं नाव घेईन, म्हने."

यावर हसावं असं कोणालाच वाटलं नाही. सगळ्यांनी आपापल्या पायांकडं पाहिलं, कारण त्या कोटाच्या दिवशी आम्हीही तिथंच होतो, आणि त्या आभारांना मान डोलवली होती. प्रयागबाई उठली आणि खाली उतरून घराकडं गेली. सभा कोणी संपवली नाही, आपोआप संपली.

रविवारी सकाळी मास्तर सायकल न काढता मागच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. पुढचं सुंदरबाईनंच नंतर बायकांना सांगितलं. प्रयागबाई आली, त्याला पाहून थबकली, आणि तरी चुलीपाशी जाऊन बसली. पीठ तिंबायला घेतलं. मास्तर म्हणाला की तिचं नाव तो आज पाळकसाहेबांपुढं मांडणार. नुसतं नाव नाही, सगळी हकीकत सांगणार. ज्या बाईला आपण लोटलं, तीच आपल्या चुलीपाशी बसून आपल्याला जेवू घालत होती, आणि त्यातून देवानं आपले डोळे कसे उघडले. बोलता बोलता त्याचा आवाज ओट्यावरचा व्हायला लागला होता. रात्रभरात त्याची चांगली साक्ष तयार झालेली दिसत होती, सुरुवात आणि शेवटासकट.

प्रयागबाईनं भाकरी थापायची थांबवली.

"भाकरीचं काही सांगू नका."

"मंग काय सांगू?"

"माह्यं नाव गाळलं होतं, ते सांगा. काहून गाळलं, ते सांगा. बाकी माह्यं हाय. तुमचं तेवढंच हाय."

मास्तर तिथंच खाली बसला. भाकऱ्या झाल्यावर तो म्हणाला, "प्रयागबाई..." तिला आभार येताना दिसले. पिठाचा हात वर करून तिनं ते तिथंच थांबवले, आणि ताट पुढं सरकवलं. "जेवा. भाकरी थंडी होऊन राह्यली." सुंदरबाई सांगत होती, त्या दिवशी तो जेवला खरा, पण भाकरीकडं बघत जेवला.

डोहावर वस्ती जमली. पाळकसाहेब बूट काढून पाण्यात उतरले. बूट धरायला मास्तर काठावर होता. नावं झाल्यावर तो म्हणाला, "आणखी एक नाव आहे. प्रयागबाई. ते मी गाळलं होतं."

पाळकसाहेबांनी विचारलं, का?

"ती मोठ्यानं आभार मानत नाही, म्हणून."

"असं करायला मी सांगितलं होतं?"

"नाही."

पाळकसाहेब वाट बघत राहिले. एवढा बोलका माणूस, पुढं काहीतरी असेलच, असं त्यांना वाटलं असावं. आम्ही सगळे वाट बघत होतो. आम्हाला तर पुढचं, भाकरीचं, ठाऊकच होतं, आणि ते सांगितलं असतं तर तो निम्मा तरी सुटला असता. मास्तरचे ओठ एकदा हलले. मग त्यानं बुटांकडं पाहिलं आणि तो गप्प राहिला. कानापर्यंत लाल झालेला, मोठ्या माणसाला चांगलं दिसत नाही असा.

"या, बाई," पाळकसाहेब म्हणाले.

प्रयागबाई ते पांढरं लुगडं नेसून आली होती. नाव अजून घेतलं नव्हतं, तरी नेसून आली होती. ती मास्तरच्या शेजारून पुढं गेली, त्याच्याकडं न बघता, आणि पाण्यात उतरली. वर आली तेव्हा गाणं सुरू करायचं होतं. ते नेहमी मास्तरच उचलायचा. आज त्यानं उचललं नाही. मग सुंदरबाईनं बारीक आवाजात सुरुवात केली, बायकांनी धरलं. मास्तर दुसऱ्या कडव्यापर्यंत बूट धरून तसाच उभा होता. नंतर त्याचे ओठ हलू लागले, पण आवाज आम्हाला ऐकू आला नाही.