काळी मेंदी

झमकूचा हात ओढणीखाली गेला की पोकररामच्या तोंडात घास फिरायला लागायचा. समोर बसून ती बाजरीच्या सोगऱ्यावर तूप वाढत असायची, मध्येच तिची बोटं कानामागे जायची आणि कराकरा खाजवायची. बायकोने डोकं खाजवलं म्हणून नवऱ्याने जेवणावरून उठावं, असं त्यात काय आहे, असं कुणीही म्हणेल. पण इतरांना जे ठाऊक नव्हतं ते त्याला ठाऊक होतं ना!

मारवाडातल्या सोजतात मेंदीची गिरणी असलेल्याच्या बायकोने पांढरे केस घेऊन हिंडायचं, हे आमच्याकडे शोभत नाही. झमकूचे केस तरुणपणीच पिकले. तेव्हापासून दर पंधरवड्याला ती घरच्या गिरणीतली काळी मेंदी लोखंडी कढईत भिजवायची, डोक्यावर थापायची, वर एरंडाचं पान बांधायची आणि तशीच दिवसभर कामं करत हिंडायची. रंग असा चढायचा की बघत राहावं. तिची थोरली जाऊ, भूरीभाभी, जळून म्हणायची, "झमकू, म्हातारी व्हायचं विसरलीस की काय गं तू?"

हळूहळू केसांचा काथ्या झाला. फणी फिरवली की मधूनच तुटायचे, मुळाशी पातळ व्हायचे. भांगात सालपटं निघायला लागली. कपाळाच्या कडेने लाल पट्टा उठायचा, चार दिवस आग व्हायची, मग बसायचा. झमकू म्हणायची, उन्हाळा आहे. मग म्हणायची, थंडी आहे. गेल्या तीजेच्या सणाला मात्र मेंदी धुतल्यावर दुसऱ्या सकाळी तिचे डोळेच उघडेनात. पापण्या फुगून गालांवर आल्या होत्या. पोकरराम तिला जीपमध्ये घालून पाली शहरात दवाखान्यात घेऊन गेला.

"डोक्याला काय लावता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मेंदी. घरची आहे आमच्या."

"नुसत्या मेंदीने केस काळे होत नाहीत हो. तांबूस होतात. काळे होतात म्हणजे त्यात रंगाची पूड मिसळलेली आहे."

"आमच्या गिरणीतली आहे!" झमकू सुजल्या डोळ्यांनीही तडकली. "ह्यांना विचारा की."

डॉक्टरीणबाईंनी पोकररामकडे बघितलं. पोकररामने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "पालाच असतो," तो म्हणाला, "आणि थोडा आवळा."

"असो. एक ऐका. तुमच्या अंगाने आता त्या रंगाशी वैर धरलंय. दर वेळी लवकर येईल आणि जास्त येईल. आज डोळे सुजलेत, उद्या घसा सुजेल, मग श्वास कुठून घ्याल? काळा रंग पुन्हा डोक्याला नाही, हाताला नाही, कुठेच नाही."

मग त्यांनी केसांचं सांगितलं. कोमट पाणी, सौम्य साबण. नखं लावायची नाहीत, ओले केस ओढून विंचरायचे नाहीत. खोबरेल हलक्या हाताने जिरवायचं. मुळं आहेत, केस परत येतील, पण वेळ द्या त्यांना.

परतताना झमकू बाहेर बघत बसली होती. "निरमाचे बापू, खरंच काही घालता का हो त्यात?"

त्याच वेळी सांगायचं होतं! जीपमध्ये तिसरं कुणी नव्हतं. गिरणीच्या मागच्या खोलीत एक निळं पिंप होतं, त्यातली काळी पूड तो काळ्या मेंदीत मिसळायचा, आणि पाकिटावर छापायचा 'शुद्ध पाला'. एवढंच बोलायचं होतं. पण हा माणूस बोलला ते वेगळंच. "शहरातल्या डॉक्टरांना काय कळतं मेंदीतलं?" तो म्हणाला. "निरमाने मोबाइलवरून ती शाम्पूची बाटली मागवली ना, तिचंच काम असणार. तरी तू आता काहीच लावू नकोस."

बिचारीने शाम्पूची बाटली उकिरड्यावर फेकली आणि लेकीला दोन दिवस बोल लावले.

त्यानंतर मात्र तिने केसांची खरोखर निगा राखली. खोबरेल चोळायची, कोरफडीचा गर लावून उन्हात बसायची, रुंद दातांची फणी आणली. लाल पट्टा गेला. सालपटं थांबली. भांगाच्या दोन्ही बाजूंना पांढरे केस यायला लागले, पण जाड आणि मऊ. पोकररामला वाटलं, वाचलो. तिला काही कळलं नाही आणि तिला काही झालंही नाही. असा दुहेरी वाचलेला माणूस फार निर्धास्त होतो.

मग निरमाचं लग्न आलं.

मायऱ्याच्या, म्हणजे मामांनी आहेर आणण्याच्या, आदल्या दुपारी घर नुसतं भरलं होतं. आतल्या खोलीत निरमाला मधे बसवून पोरी तिच्या हातापायांवर घरच्या गिरणीतली हिरवी मेंदी काढत होत्या. अंगणात बायका गाणी म्हणत होत्या. ओट्यावर पोकरराम व्याही घीसूजींना अफूची मनुहार, म्हणजे आग्रहाचा पाहुणचार, करत बसला होता. हे घीसूजी जोधपूरचे मोठे व्यापारी. पोकररामचा अर्धा माल तेच उचलायचे, आणि 'शुद्ध पाला' या दोन शब्दांवरच उचलायचे.

भूरीभाभीने सगळ्यांसमोर झमकूच्या डोक्यावरची ओढणी जरा मागे सारली. "अगं बाई! उद्या भाऊ येतील तुला चुनडी पांघरवायला, तर विचारतील, ही निरमाची आई की आजी?"

सगळ्या हसल्या. झमकूही हसली, पण तिचा चेहरा पडला. ती सरळ ओट्याशी आली. "निरमाचे बापू, एकदाच लावते. शाम्पू तर केव्हाच टाकलाय. पण आधी मला सांगा, आपल्या मेंदीत पाल्याशिवाय काही नाही ना? माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

घीसूजींनी मान वर केली. "हो सांगा, ब्याहीसा. आम्हालाही ऐकू द्या."

गाणं थांबलं होतं. पोकररामचा हात उचलला गेला आणि झमकूच्या पांढऱ्या भांगावर टेकला. हाताखाली ती उबदार आणि जिवंत होती, आणि निश्चिंतपणे त्याच्याकडे बघत होती.

"शुद्ध पाला," तो म्हणाला.

"बघा," झमकू घीसूजींना म्हणाली, "आमचे हे."

"पण थांब हं," पोकरराम घाईघाईने उठला. "घरातलं पाकीट जुनं आहे. मी गोदामातून ताजी आणतो. मी येईपर्यंत लावू नकोस."

त्याचा हिशोब सरळ होता. काळी नाही, नुसत्या पाल्याची हिरवी मेंदी आणायची. केस तांबूस झाले तर झाले, तिला म्हणायचं, जमलं नाही. शपथही राहील, बायकोही राहील आणि व्याहीही राहील.

गोदामात त्याने हिरव्या मेंदीचं पोतं फोडलं. मूठभर पूड पांढऱ्या फडक्यावर ओली केली आणि फडकं उन्हात धरलं. पाल्याचं पाणी हिरवट-तपकिरी दिसायला हवं. थोड्या वेळाने फडक्यावर जांभळा डाग उमटला, मग तो काळा झाला. त्याने दुसरं पोतं फोडलं. तिथेही काळा. तिसरं, लांबचं, भिंतीकडचं. काळाच.

"लुंबा!" तो ओरडला. गिरणीवरचा गडी लुंबा धावत आला. "हिरव्यात रंग कुणी घातला?"

लुंबा बावचळला. "सेठ, तुम्हीच तर म्हणालात! पाला जुना आहे, रंग चढत नाही, माल परत येतो, सगळ्यातच थोडी थोडी टाक. मी आपला टाकत गेलो."

आणि त्याला आठवलं, खरंच तोच म्हणाला होता. चहा पिता पिता म्हणाला होता, चेष्टेत म्हटल्यासारखं. एवढ्या मोठ्या गोदामात स्वतःच्या बायकोच्या डोक्याला लावायला मूठभर पाला उरला नव्हता. तो घराकडे पळत सुटला.

झमकू थांबली नव्हती. कशाला थांबेल? नवऱ्याने डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं. भूरीभाभीने घरातलंच पाकीट कालवलं होतं आणि डोकं थापून वर एरंडाचं पान बांधलं होतं. झमकू खाटेवर बसून गाणं म्हणत होती, पण तिचा आवाज बाकीच्या आवाजांच्या मागे पडत होता. तिचे ओठ जाड दिसत होते.

"धू ते! आत्ताच्या आत्ता धू!" पोकरराम दारातूनच ओरडला.

"अहो, अजून रंग..." ती म्हणाली आणि खोकली. पुन्हा खोकली. मग तिने गळ्यावर हात धरला.

पाण्याच्या बादल्या आल्या. डोक्यावरून काळं पाणी अंगणभर वाहिलं. "काय झालं? काय झालं?" म्हणून घीसूजी ओट्यावरून उतरले.

सगळ्या जगाने विचारावं असा तो प्रश्न होता, आणि पोकररामने त्यालाही खोटंच उत्तर दिलं. "उन्हाचं आहे," तो म्हणाला. "उपासही होता तिला. पालीला दाखवून आणतो. तुम्ही बसा, गाणी थांबवू नका, अपशकुन नको."

त्याने झमकूला उचलून जीपमध्ये घातलं. मागोमाग पळत आलेला लुंबा गाडी हाणू लागला. गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना मेंदीची शेतं लागली. झमकूचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. डोळे मिटत आले होते, श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज निघत होता.

"होतं... ना?" तिने विचारलं.

आता ओटा नव्हता, व्याही नव्हता. "होतं," तो म्हणाला. "झमकू, होतं गं. काळ्यात आधीपासून होतं. आता सगळ्यात आहे."

त्याला वाटलं, ती रडेल, नाहीतर शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ती डोळे फाडून उघडायला धडपडू लागली. त्याची बंडी धरून तिने त्याला खाली ओढलं. शब्द फुटत नव्हते. त्याने कान तिच्या तोंडाशी नेला.

"सगळ्यात?" ती म्हणाली. "निरमाचे... हात..."

लेकीचा विचार त्याच्या मनाला शिवलाही नव्हता. त्याने घरी फोन लावला. बराच वेळ वाजला. मग भूरीभाभीचा आवाज आला, मागे गाण्यांचा गलका.

"भाभीसा, निरमाचे हात..."

"काय? ऐकू येत नाही, देवरजी! निरमाचे हात ना? त्याची चिंताच सोडा. आत्ताच खरवडून बघितलं थोडं. एवढ्यातच असा रंग चढलाय, काळाभोर! सासू जीव ओवाळून टाकेल पोरीवर. म्हटलं, राहू दे, रात्रभर तशीच ठेव, अजून गडद होईल."