बारावं फूल

मी एक जुनी लेस आहे. हातभर लांब, दोन बोटं रुंद, आणि सध्या भयंकर चिडलेली. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, लेसला कसला आलाय राग? आधी ऐका, मग सांगा.

डेन्मार्कच्या दक्षिणेला, ट्योनर गावाजवळ मारेन नावाच्या बाईने मला विणलं. मांडीवर घट्ट भरलेली उशी, तिच्यात रोवलेल्या टाचण्या आणि लाकडी फिरक्यांवर गुंडाळलेला केसासारखा बारीक धागा, एवढंच तिचं भांडवल. एका फुलाला दोन दिवस लागत. अशी एकवीस फुलं, प्रत्येकाला पाच पाकळ्या. पोटातल्या बाळाच्या बारशाच्या झग्याला लावायला मी हवी होते.

बाराव्या फुलाशी मारेनला कळा सुरू झाल्या. तिने घाईघाईने फिरक्या फिरवल्या आणि एक पाकळी राहूनच गेली. मुलगी झाली, तिचं नाव थीरा. महिन्याभराने मारेन पुन्हा उशीपाशी बसली तेव्हा शेजारीण म्हणाली, "अगं, ते बारावं उसव आणि नीट कर."

"नाही उसवणार," मारेन म्हणाली. "पोर इथंच आली माझी."

तेव्हापासून ते चार पाकळ्यांचं फूल थीराचं झालं. थीराचं, मग तिच्या मुलांचं आणि नंतर नातीचं, रिकेचं बारसंही त्याच झग्यात झालं. दर वेळी बायका कॉफीचे कप बाजूला ठेवून मला बघायच्या. पुढे झग्याला कसर लागली. थीराने मला अलगद काढून बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलं. दर वाढदिवसाला ती मला बाहेर काढी, बाराव्या फुलावर बोट ठेवी आणि ही गोष्ट रिकेला सांगी. रिकेचं लक्ष हातातल्या फोनमध्ये. "हो आजी, हो," म्हणायची. पालथ्या घड्यावर पाणी.

थीराला ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. रिकेने तिच्यासाठी कंप्युटरवर फोटोंचा अल्बम करायला घेतला. आमच्या गावच्या वाचनालयात दर गुरुवारी त्याचा वर्ग भरतो. शिकवते बोडिल. सत्तरीची बाई, जीभ धारदार. तिच्या सांगण्यावरून रिकेने मला स्कॅनरच्या काचेवर पसरलं आणि वर काळा पुठ्ठा ठेवला, म्हणजे माझी भोकं उठून दिसावीत. मग कंप्युटरच्या पडद्यावरचा काळा रंग एका फटक्यात पुसला. माझ्या भोकांतून मागचा फोटो दिसू लागला. खाली हलकी सावली दिली तर मी खरोखर कागदावर टाचल्यासारखी दिसले. कबूल करते, तोवर मी खूश होते.

मग बोडिल म्हणाली, "सगळी पट्टी कशाला वापरतेस? एक चांगलं फूल उचल, त्याचा ब्रश, म्हणजे शिक्का कर आणि कडेने ओढत जा. माळ आपोआप होते."

"तेच करते. हे बारावं तर बिघडलेलंच आहे, पाकळीच नाही त्याला."

रिकेने तिसरं फूल उचललं, त्याचे दोन सुटलेले धागे पुसले आणि पानाभोवती ओढलं. एकाच साच्यातली एकवीस फुलं झाली. कोपऱ्यावर फूल मधोमध कापलं गेलं, तरी दोघी वा वा करत होत्या. कोपरा वळवायला मारेन वेगळा नमुना काढायची, पण सांगणार कोणाला? मी काचेवर पालथी पडले होते.

एवढ्यावर भागलं नाही. थीरा लहान घरात राहायला जाणार होती आणि सामान बांधायचं काम रिकेकडे होतं. तिने डबा उघडला. "ही आता कंप्युटरमध्ये आहे की," असं स्वतःशीच म्हणाली आणि मला खिडक्यांच्या जुन्या पडद्यांबरोबर पिशवीत कोंबलं. ती पिशवी चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात जायची होती. सोमवारी तिथे बोडिलच बसते, म्हणून ती वाढदिवसाच्या जेवणाला आली तेव्हा रिकेने पिशवी तिच्याच हातात दिली. ऐंशी वर्षं जपलेली मी, फुकट दिलेल्या पडद्यांखाली. राग येऊ नये तर काय यावं?

आमच्याकडे अशा वाढदिवसाला घरचंच कोणी ओळखीच्या चालीवर गाणं रचतं. ते छापून प्रत्येकाच्या ताटाशेजारी ठेवतात आणि सगळे कागद बघून म्हणतात. रिकेने नऊ कडवी लिहिली होती आणि कागदाच्या कडेला अल्बममधलीच लेस लावली होती. सगळे गात होते. थीरा मात्र कडेवरून बोट फिरवत होती. बाराव्या फुलाशी ती थांबली, मागे गेली, पुन्हा मोजू लागली. चौथ्या कडव्यापर्यंत एकेकाचा आवाज बंद पडला.

"काय झालं आजी? यमक चुकलं का?" रिके हसत म्हणाली.

"माझं फूल कुठंय?"

"कुठलं?"

"बारावं. चार पाकळ्यांचं."

"ते... बिघडलेलं होतं ना. मी सगळी सारखी केली."

"ते माझ्यामुळे बिघडलं होतं, रिके. वर्षानुवर्षं सांगतेय तुला. आईने ते माझ्यासाठी ठेवलं आणि तू पुसून टाकलंस. जा, खरी लेस आण."

रिकेचा चेहरा पडला. तिने बोडिलकडे पाहिलं. थीराची नजर मात्र माझा डबा शोधत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी बोडिलच्या खुर्चीखालीच होते. बोडिलने पिशवी टेबलावर ठेवली. पडदे निघाले, एक स्वेटर निघाला आणि तळाशी मी, चुरगळलेली. थीराने मला ताटाशेजारी सरळ केलं, बाराव्या फुलावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग म्हणाली, "हं, म्हणा आता. पहिल्यापासून."

त्यानंतर रिकेने मला पुन्हा स्कॅन केलं आणि अख्खीच वापरली, सुटल्या धाग्यांसकट. नवा अल्बम छापून आला, त्यात बारावं फूल आहे. तरी माझा राग गेलेला नाही. तो गुळगुळीत फुलाचा ब्रश बोडिलने वर्गात आधीच वाटून टाकलाय आणि माझ्या नावाने तो कुठल्याकुठल्या फोटोंभोवती फिरतोय.

मित्रांनो, जुन्या वस्तूतली चूक दुरुस्त करायला हात शिवशिवले, तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ती कोणाची आहे. आणि ते सांगू लागलं की मान वर करून ऐका. परवा थीराने ती गोष्ट पुन्हा सांगितली. रिकेने फोन पालथा घातला आणि विचारलं, "मग शेजारीण काय म्हणाली?" एवढ्या वर्षांत तिने विचारलेला तो पहिला प्रश्न होता.