आवळलेले दोन स्क्रू

आमचे मार्तंडराव एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झाले, पण त्यांचा हात काही रिटायर झाला न्हाई. ढिला स्क्रू दिसला की शिवशिवतोच. खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड पुसायचं, आवळायचं, मग हळदकुंकू, ही त्यांची डेपोतली सवय. मिक्सर झाला, स्कूटर झाली. माझा डोळा लागला होता, तेवढ्यात त्यांनी माझ्या मोटारीवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीचा डबा उघडला.

नसांच्या आजारात माझे पाय गेले, हातात दोन बोटांपुरता जीव उरला. ही खुर्ची नांदेडच्या उर्वी नावाच्या इंजिनियर पोरीनं त्या दोन बोटांसाठी बनवली. दांडी ढकलली की चालते, सोडली की थांबते. यंदा दसऱ्याला मी माझी मी शिलंगणाला जाणार, कुणी ढकलायचं न्हाई, असं गल्लीभर सांगून ठेवलं होतं. आजारापासून उंबरा ओलांडला न्हवता, म्हणून तोरा जरा जास्तच होता.

डब्यातल्या सर्किटच्या कार्डावर दोन बारीक पितळी स्क्रू हायेत. ते घट्टच होईनात, नुसते फिरत राहिले, तर हा माणूस आणखी फिरवत राहिला. संध्याकाळी मला बसवलं. दांडीला बोट लावायच्या आत खुर्ची निघाली, ती थेट झेंडूच्या टोपलीवर. दांडी मागं घ्यायला गेले तर उधळलेल्या खोंडासारखी उसळली. ह्यांनी वायर उपटली म्हणून वाचले. मी काय काय बोलले ते सणासुदीचं सांगत न्हाई. मग लई रडले, ते मात्र सांगते.

उर्वीला फोन ह्यांनीच केला. दसऱ्याला तिची आई बिलोलीत वाट बघून राहिली होती. तरी पोरगी म्हणाली, आधी लातूरला येते. पहिल्या एसटीनं निघून उन्हं चढायच्या आत दारात हजर.

तिनं खुर्ची विटांवर चढवली, चाकं अधांतरी केली. एका स्क्रूनं खुर्चीला कळतं की दांडी मोकळी हाय, उभं राहायचं. दुसऱ्यानं कळतं, किती ढकललं की किती पळायचं. मीटर लावून तिनं पहिला स्क्रू केसभर केसभर फिरवला, चाकं गपगार होईपर्यंत. दुसऱ्यासाठी मलाच कामाला लावलं. "काकू, जेवढं जमतं तेवढंच ढकला." माझी बोटं गव्हाएवढी सरकली. तेवढं तिनं मापलं आणि तेवढ्यातच पूर्ण चाल बसवली. काय गेलं ते डॉक्टरांनी सांगितलं होतं, उरलेलं मापणारी ही पोरगीच. मला लई बरं वाटलं.

ह्यांनी खाली मान घालून विचारलं, डब्याला कुलूप लावू का. तिनं दोन्ही स्क्रूंवर नेलपॉलिशचा थेंब सोडला, वाळला की स्क्रू जागचा हलत न्हाई, आणि हसून म्हणाली, आता खुशाल पूजा करा काका.

स्टँडची रिक्षा गल्लीच्या तोंडाशी मिळते. उर्वी बिलोलीला निघाली, मी तिच्या मागोमाग निघाले. उंबऱ्याच्या फळीवरून उतरले, रस्त्यावर आले, दारादारातून बाया बघून राहिल्या. रिक्षापाशी मी दांडी सोडली. खुर्ची जागच्या जागी उभी राहिली. लहानानं मोठ्याला सोनं द्यायचं, ही आपली रीत. असू दे. मांडीवरचं आपट्याचं पान दोन बोटांत धरून मी पहिलं सोनं तिला दिलं.

"सोन्यासारखी राहा, बाई."

तिचे डोळे भरले, माझे तर आधीच. रिक्षा गेल्यावर ह्यांचा हात सवयीनं खुर्चीच्या पाठीवर आला.

"हात काढा," मी म्हटलं, आणि घराकडं वळले.