ऑगस्टच्या गोळ्या

छपरावर फ्रिज. फ्रिजवर गुंडाळलेला गालिचा. गालिच्यावर उलटी बांधलेली लहान मुलाची सायकल. बोटीतून उतरलेली प्यूजो गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन हॉर्न वाजवते.

मन्नूबियाखाला हमामच्या दारात बसते. कोण आलं, कोण नाही, हे तिला वहीत लिहावं लागत नाही.

कानामागे जुईचा तुरा खोवलेला नवरा झोपेतही तुरा काढत नाही. सकाळी उशीला वास असतो.

"गोळी म्हणजे कॉफी नव्हे, पाहुणा दारात आला की ठेवली चुलीवर." नर्स नफीसा, सरकारी दवाखाना, महदिया.

आता, कितीतरी वर्षांनी, जेवणाच्या टेबलावर रोजच्या वेळेला नातीचा फोन थरथरतो. सिरीन चमचा ठेवते, पर्समधून पाकीट काढून एक गोळी गिळते आणि पुन्हा माशातले काटे काढायला लागते. कुणी वर बघतही नाही.

वर बघते ती फक्त आजी, दलेंदा. तो फोन थरथरला की तिच्या मनात ऑगस्ट सुरू होतो. बाहेर पाऊस असला तरी.

*

त्या काळी गल्लीत पुरुष म्हणजे म्हातारे आणि शाळकरी. बाकीचे सगळे समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये कामाला, कुणी ल्योंला, कुणी मार्सेयला. ऑगस्टमध्ये सगळे एकदम यायचे, आणि गल्लीला लग्नघराची कळा यायची. भिंतींना चुना लागायचा, अंगणात मिरच्या वाळायच्या, बायकांच्या हातावर मेंदी चढायची.

आणि पिठाच्या डब्यामागून दिवस न जाण्याच्या गोळ्यांचं पाकीट बाहेर यायचं.

गल्लीची पद्धत ठरलेली होती. नवऱ्याची गाडी आली की पहिली गोळी. गाडी गेली की बंद. पाहुण्यांच्या बश्या धुऊन कपाटात ठेवतात तशी उरलेली पाकिटं पुन्हा डब्यामागे. मग चार-पाच दिवसांत सगळ्यांनाच एका वेळी पाळी यायची आणि हमाम ओस पडायचा.

"नवरे बोटीवर चढले की तुम्ही सगळ्या मिळून माझ्याकडे पाठ फिरवता," मन्नूबियाखाला करवादायची. "निदान आळीपाळीने तरी बसा गं. माझं पाणी कुणासाठी तापवू?"

बायका तोंडावर पदर घेऊन हसायच्या. ते हसू दलेंदाला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. नवरा गेल्याचं दुःख आणि सुटल्याचा आनंद, दोन्ही त्यात असायचं.

हिवाळ्यात मात्र गोळीला कुणी हात लावत नसे. नवरा ल्योंला असताना जानेवारीत गोळी खाणाऱ्या बाईला गल्लीने एकच प्रश्न विचारला असता: कुणासाठी?

*

दलेंदाच्या बाबतीत गोष्ट साधी नव्हती. चौथ्या खेपेला, कमालच्या वेळी, इतकं रक्त गेलं होतं की सुईणीने हात धुताना स्पष्ट सांगितलं, "पुन्हा अशी माझ्याकडे येऊ नकोस. पुढच्या वेळी मूल वाचवीन, तुला नाही वाचवता येणार."

त्यानंतरचे दोन ऑगस्ट निभावले. तिसऱ्या ऑगस्टनंतर नवऱ्याची, मोंजीची गाडी गेली, इतरांच्याही गेल्या, आणि सवयीप्रमाणे हमाम ओस पडला. दलेंदा वाट बघत राहिली. एक दिवस, दुसरा, आठवडा. शेवटी बादली आणि टॉवेल घेऊन ती गेलीच.

मन्नूबियाखालाने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तू कशी गं आलीस?"

"अंघोळीला. आणखी कशाला येतात इथे?"

खाला हसली नाही. तिने आत जाऊन स्वतः गरम पाणी काढलं आणि दलेंदाची पाठ घासली. इतक्या हलक्या हाताने तिने आजवर कुणाचीच पाठ घासली नव्हती.

*

गच्चीवर दलेंदा आणि तिची जाऊ सलूहा रव्याचे बारीक दाणे वळून कुसकुस करत होत्या. वर्षाचा साठा ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच करायचा.

"उन्हामुळे लांबते कधीकधी," सलूहा म्हणाली.

"ऊन तुलाही लागलं असेल की. तुझी नाही लांबली."

"माझा नवरा येतो आणि घोरतो. तुझ्या मोंजीसारखा थोडाच आहे तो?"

दलेंदाला हसू आलं आणि हसता हसता हातातलं पीठ गोळा झालं. सलूहाने तिच्या पुढ्यातली परात काढून घेतली. "चल, दवाखान्यात जाऊ. पोरांना उम्मी बघेल."

"उम्मीला काय सांगायचं?" उम्मी म्हणजे दोघींची सासू.

"दाढ दुखतेय म्हणून."

नर्स नफीसाने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "गाडी आली त्या दिवशी पहिली गोळी? बाई गं, तिला अंगात मुरायला आठवडा लागतो. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची, मग रोज ठरल्या वेळेला घ्यायची, पाकीट संपेपर्यंत."

"बाई, तो ल्योंला आहे. मी इथे कुणासाठी खाऊ?"

"स्वतःसाठी."

दलेंदाने हे उत्तर कधी ऐकलं नव्हतं. तिला ते जरा निर्लज्जच वाटलं.

"मागच्या दोन वर्षी काही झालं नाही," सलूहा मध्ये पडली.

"तेव्हा नशीब होतं. नशिबाचं पाकीट माझ्याकडे मिळत नाही." नफीसाने लघवीची बाटली पुढे केली. "निकाल शुक्रवारी. नसेल तर पाळी येईल, त्या दिवसापासून वर्षभर. तो मध्येच ईदला येतो ना? आधी कळवून येतो का?"

"नाही."

"मग?"

*

रविवारी पोस्टातून ल्योंच्या कॅफेत फोन लावला. बूथचं दार लागत नसे. मागे सहा जणी आपापल्या नवऱ्यांसाठी थांबलेल्या, सगळ्यांचे कान टवकारलेले.

"पोरं बरी आहेत?" मोंजीचा आवाज समुद्राखालून आल्यासारखा.

"बरी आहेत. कमालला दाढ आली."

"आणि तू?"

तिने रिसीव्हर गच्च धरला. जीवाची भीती सहा जणींसमोर कशी सांगायची? "मी पण."

"इथे पाऊस आहे गं. आपल्याकडे?"

"आपल्याकडे ऊनच."

पुढची कितीतरी वर्षं ती त्या बूथवरून जाताना आत बघायची. मोंजी तिच्याशी कधी गोड बोलला असेल तर तो त्या फोनवर. पावसाचीच गोष्ट, पण पैसे संपेपर्यंत बोलत राहिला.

*

शुक्रवारी निकाल आला. नव्हतं. रविवारी पाळी आली. सलूहाने गच्चीवर तिला मिठी मारली आणि दोघी वाळत घातलेल्या कुसकुसवर पडल्या.

त्याच संध्याकाळी जेवणं संपत आल्यावर दलेंदा उठली. डब्यामागून पाकीट काढलं. न्हाणीघरात जाऊन गिळता आलं असतं. पण रोज, वर्षभर, लपून? आज ना उद्या उम्मीला सापडलंच असतं, आणि लपवलेली गोळी म्हणजे गुन्ह्याची कबुलीच. ती परत येऊन ताटापुढे बसली, सगळ्यांसमोर पाकिटातून गोळी काढली.

सलूहा भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबली. उम्मीने मान वर केली. मोंजीला जाऊन महिना होत आला होता, आणि ते उम्मीपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार?

"काय आहे ते?"

"गोळी. ऑगस्टची."

"ऑगस्ट संपला."

"हो उम्मी. आता रोज घेणार. वर्षभर."

उम्मीने तिच्याकडे पाहिलं. मग गोळीकडे. तिने जग ओढला आणि पेला भरून सुनेपुढे सरकवला.

"कोरडी गिळू नकोस. घशात बसेल." मग सलूहाकडे वळून म्हणाली, "आणि तू गं, तोंड मिट. माशी जाईल. कुणी विचारलं तर सांग, माझ्या सुनेला रक्ताचं औषध चालू आहे, मीच आणून दिलंय."

कमालच्या जन्मानंतर दलेंदाचं रक्ताने भिजलेलं अंथरूण समुद्रावर नेऊन एकटीने धुतलं होतं ते उम्मीनेच.