रिकामी कबर

“शांतवन, वर ये! अविराज जित्ता हाय!” मंडळीतले वडीलधारे दाविदतात्या काठावरून ओरडले.

छातीभर खड्ड्यात शांतवन कुदळ धरून उभाच राहिला. एरवी तो पंप दुरुस्त करी. पण शेळगावच्या ख्रिस्ती मंडळीत कुणी गेलं की कबर खणायचं कामही त्याचंच. आज धाकट्या भावाची खणत होता. काल रात्री उसाला पाणी देता देता बांधावर डोळा लागला आणि अविराजला मण्यार चावली. सकाळी बारामतीच्या दवाखान्यातून भावजयीनं “गेले हो!” असा हंबरडा फोडला नि फोन बंद पडला. कुणी धड खात्रीही केली नाही. आता कळलं, मण्यारीच्या विषानं माणूस मेल्यासारखा पडतो. मशिनवर का होईना, श्वास चालू होता.

सगळे हसले, रडले. मग एकेकाची नजर खड्ड्यात गेली आणि पाय मागं सरले. भर दुपारी झाडाचं पान हलत नव्हतं, पण आतून गार वारा येत होता.

“खणलेली कबर कुनाला तरी घेतीच,” एक म्हातारी पुटपुटली.

“आपल्या प्रभूची कबर रिकामीच होती,” पाळक म्हणाले. पण खड्डा बुजवायला फावडं त्यांनीही उचललं नाही. ती कबर पुन्हा अविराजलाच मागेल, याच धास्तीनं शांतवन कुदळ टाकून वर चढला.

तेवढ्यात त्याची आई, बनाबाई, काठी टेकत पुढं आली. “घिऊ दी की. माझ्या नावावर ठिवा.”

“गप गं, बना. तुझ्यापरीस मी म्हातारा हाय. माझ्या नावावर,” दाविदतात्या म्हणाले.

“माझ्या,” शिवणकाम करणारी मुक्ता म्हणाली. मग तिचा नवरा, मग शांतवन. अकरा घरांची मंडळी, एकही घर मागं राहिलं नाही. पाळकांनीही हळूच “माझ्याही” म्हटलं. भीती सगळ्यांत विभागली गेली आणि शांतवनच्या जिवाला थारा मिळाला. खड्ड्यावर पत्रा टाकून सगळे तिथंच प्रार्थनेला बसले. मध्येच पत्रा आतून दोनदा वाजला. कुणी उठलं नाही.

तिसऱ्या दिवशी अविराजनं डोळे उघडून पाणी मागितलं. त्याच दुपारी बनाबाई जरा आडवी झाली, ती उठलीच नाही.

मंडळीत कुणी कुणाकडं पाहीना. आपण सुटलो, असं क्षणभर वाटून गेलं, त्याची शांतवनला फार शरम वाटली.

खड्डा अविराजच्या मापानं लांब खणलेला होता. बनाबाईची पेटी उतरवल्यावर पायथ्याशी हातभर जागा उरली. शांतवन तिकडं बघतच राहिला.

“तेवढी आधी भर, बाबा,” दाविदतात्या म्हणाले आणि ओंजळीनं माती देऊ लागले.