चिमटा बॉडीला

लोकांच्या गाड्या चालू करून देण्यात ज्याचं अर्धं आयुष्य गेलं, त्याच्या स्वतःच्या गाडीने आज नेमका दगा दिला. किल्ली फिरवावी आणि डॅशबोर्डवर एखादा तरी दिवा लागावा, तर शपथ! हॉर्न मुका, वायपर गार. गल्लीत त्याला सगळे वायरमन म्हणत. आज त्याला त्या नावाची लाज वाटली.

पुढच्या सीटवर त्याचे वडील बसले होते. मांडीवर कपड्यांची बॅग, अंगात धुतलेला सदरा, गुंड्या सुनेने लावलेल्या. घरापुढचं हे गॅरेज त्यांनीच उभं केलं आणि मुलाच्या हातात पहिला पानाही त्यांनीच दिला. आता मात्र मुलगा त्यांना कधी ओळखू यायचा, कधी नाही. मध्यंतरी वायर जोडायला डाख द्यायचा म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातला गॅस पेटवला आणि तसेच निघून गेले. वरचा टॉवेल पेटला. तो विझवताना सुनेचा हात कोपरापर्यंत भाजला.

शहराबाहेर अशा भान हरपलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणारी एक संस्था होती. तिथे एक पलंग रिकामा झाला होता. दुपारपर्यंत आलात तर तुमचा, नाहीतर पुढच्याचा, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. भाड्याची गाडी करायची सोय नव्हती. मागच्या खेपेला अनोळखी ड्रायव्हर बघून म्हाताऱ्याने धावत्या गाडीचं दार उघडलं होतं.

बायको दारात येऊन उभी राहिली. हाताला पट्टी, डोळे सुजलेले.

"अहो, झालं का?"

"बघतोय ना!"

"बघा. मी काही बोलत नाही. पण रात्रीची झोप म्हणजे काय ते मी विसरले हो. पडते नुसती, गॅसचा वास येतोय का ते हुंगत."

ती खोटं बोलत नव्हती, हाच तर घोळ होता. वडील वाईट नव्हते, बायको वाईट नव्हती, आणि तरी कोणाला तरी घराबाहेर काढायची वेळ आली होती. ते काम त्याच्या गळ्यात पडलं होतं.

त्याने पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घातलं. बॅटरी बदलून झाली होती, दोन्ही टर्मिनल घासून आवळून झाली होती. टेस्ट लॅम्पचा चिमटा त्याने बॅटरीच्या मायनसला लावला आणि टोक एकेका फ्यूजला टेकवलं. दिवा लागला. पुढच्या फ्यूजला लागला, त्याच्या पुढच्यालाही. प्रत्येक ठिकाणी लख्ख दिवा, आणि गाडी मात्र मढ्यासारखी पडलेली. सगळं ठीक आहे आणि काहीच चालत नाही, हे त्याच्या डोक्यात शिरेना. त्याने पाना जमिनीवर आपटला आणि मडगार्डवर कपाळ टेकून तो खरंच रडला. चांगला बाप्या माणूस, दिवसाढवळ्या.

दार उघडल्याचा आवाज झाला. बॅग सीटवर ठेवून वडील खाली उतरले होते. ते आले, दिव्याकडे बघितलं आणि त्यांचा जुना त्रासिक चेहरा परत आला.

"चिमटा बॉडीला लाव," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही आत बसा."

"बॉडीला लाव म्हणतो ना! बॅटरीला लावून बॅटरीच तपासतोस होय?"

त्यांनी स्वतःच चिमटा काढून बॉडीच्या उघड्या पत्र्याला लावला आणि टोक फ्यूजला टेकवलं. दिवा विझलेला. मग कुठेही टेकवा, विझलेलाच.

वायरमनच्या आता लक्षात आलं. करंट जायला वाट होती, परतीची नव्हती. शिकाऊ पोरानेही असली चूक केली असती तर त्याने त्याचा कान धरला असता. बॅटरीच्या ट्रेखाली त्याने हात घातला. मायनसच्या केबलचं दुसरं टोक, जे बॉडीला आवळलेलं असतं, ते मोकळं लोंबत होतं. बोल्ट गायब.

वडिलांनी सदऱ्याच्या खिशातून बोल्ट काढला. पाठोपाठ दहा नंबरचा पानाही.

"गाडी उभी राहणार असली की अर्थिंग सोडून ठेवायचं," ते शिकवल्यासारखे म्हणाले. "बॅटरीकडून नाही, बॉडीकडून. बॅटरीकडे टर्मिनलचं शिसं झिजतं."

"म्हणजे तुम्हीच सोडलंत?"

"ही गाडी कुठे जाणार नव्हती ना?"

हे ते जुन्या सवयीने म्हणाले की सगळं समजून, ते त्याला कळेना. विचारायची हिंमतही होईना. बोल्ट हरवला असं बायकोला सांगावं, असं एक क्षण त्याला फार वाटलं. पण वडील तोवर ट्रेवर वाकलेही होते. त्यांची बोटं अजिबात कापत नव्हती. पत्रा घासला, टोक बसवलं, बोल्ट आवळला, केबल एकदा ओढून पाहिली. कामाचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

"मारा सेल्फ!"

गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. दारात बायकोने पदराने तोंड दाबलं. तिलाही रडू येत होतं.

हात पुसत वडील शेजारी येऊन बसले आणि बॅग मांडीवर घेतली. त्याच्याकडे त्यांनी गिऱ्हाइकाकडे बघावं तसं अदबीने पाहिलं.

"आता निर्धास्त जा साहेब. आणि एक काम करा, वाटेत मला घरी सोडा. मुलगा जेवायचा थांबला असेल. माझ्याशिवाय तो ताटावर बसत नाही."

गाडी घराच्या अंगणातच उभी होती.

"सोडतो," वायरमन म्हणाला. त्याने गिअर टाकला आणि गाडी फाटकाबाहेर काढली.

"इंजिनाचा आवाज छान आहे," वडील म्हणाले, आणि बॅग पोटाशी धरून समोर बघत बसले.