चढलेला आकडा

आमच्या ह्यांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन चौऱ्याऐंशी साली झालं. गाठ पूर्ण निघाली. त्यानंतर दर तीन महिन्यांनी वाशीहून मुंबईच्या इस्पितळात जाऊन रक्त द्यायचं. तपासणीत सीईए नावाचा एक आकडा असे. तो खाली राहिला तर बरं, चढला तर दुखणं परत येतंय अशी शंका घ्यायची.

हे मात्र मजेत. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून रोज संध्याकाळी वाशीतल्याच जुहूगावात मित्राकडे, भगवानकडे, चालत जायचे आणि खुशीत परतायचे. मी सोसायटीभर कौतुक सांगत फिरे.

एका खेपेला आकडा चढला. फार नाही, पण चढला.

"मधुकरराव, बिडी-सिगरेट?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे, ऑपरेशनपासून बंद," हे म्हणाले. मीही जोरात मान हलवली. शपथ मीच घातली होती ना.

"मग पोट पुन्हा उघडून बघावं लागेल."

मी लगेच म्हटलं, "मी शाळेत रजा टाकते. तुम्ही घाबरू नका." ह्यांनी नुसती मान डोलावली. माणूस खुशाल दुसऱ्यांदा पोट फाडून घ्यायला तयार, पण बायकोसमोर खरं बोलायला नाही. मग त्यांना माझ्या डोळ्यांत पाणी दिसलं.

"डॉक्टर, भगवानकडे... रोज चार-पाच बिड्या होतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बिडीनंही हा आकडा थोडा चढतो, म्हणाले. "आजपासून बंद. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू. तेव्हाही उतरला नाही, तर मात्र ऑपरेशन."

ह्यांनी बिडी खरंच सोडली आणि माझ्या बोलण्याची वाट बघत बसले. मी चकार शब्द काढला नाही. रागवायचं कुठल्या तोंडानं? रोज देवापुढे हात जोडून मी एवढंच मागत होते, की सगळा दोष त्या मेल्या बिडीचाच असू दे.

"चारू, बोल की काहीतरी," हे म्हणायचे. मी भाजी वाढायची.

दोन महिन्यांनी आकडा उतरला, पार पहिल्यासारखा.

परतीची बस सुटली आणि मी तोंड सोडलं. "लाज नाही वाटली? पोटाचे टाके सुकतायत न सुकतायत तोवर धूर काढत बसलात? आणि मला सांगायचं सोडून पुन्हा पोट फाडून घ्यायला निघालात?" कंडक्टर वळून बघायला लागला. मला रडू येत होतं, हसू येत होतं, आणि इतक्या आनंदानं मी जन्मात कुणावर रागावले नव्हते.

"बोल, बोल," हे डोळे पुसत म्हणाले. "वाशी यायला वेळ आहे अजून."